सतराव्या टेकला मी काय म्हणाले

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील, तर निदान चार ओळी तरी वाच. भांडायला लिहीत नाहीये. अकरा वर्षांत मी तुला एक शब्द लिहिला नाही, तूही नाहीस. पण गेल्या मंगळवारी दुकानात असं काही घडलं, की ते ऐकून खुर्चीवरून घरंगळेल असं दुसरं माणूस मला आठवेना.

मी परग्रहावरच्या प्राण्याचा पोशाख शिवतेय!

थट्टा नाही. एक मुलगी दुकानात आली. तिशीची असेल, केस बारीक कापलेले, जाकिटाच्या कॉलरला भोक. मला वाटलं रफूचं काम असेल. तिनं काउंटरवर एक कागद पसरला. त्यावर एक चित्र, हडकुळ्या बेडकाला दोन पायांवर उभं करून ताणलेलं.

"काकू, असं शिवता येईल?"

मी टेप हातात घेतली. "खिसे हवेत का?"

ती एवढी हसली, की स्टुलावर बसावं लागलं तिला. "तुमच्यासारखीच बाई शोधत होते मी," म्हणाली.

तिला सगळे कॅप्टन म्हणतात. ती सिनेमा काढतेय. भयपट. नाव ‘दुपारचे पाहुणे’. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात एक बाई काम करते, तिला परग्रहावरचे लोक उचलून नेतात आणि तीन तासांनी परत आणून सोडतात. असं पुन्हा पुन्हा होतं आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. परग्रहवासी फक्त दुपारीच येतात. का, विचार! रात्रीच्या शूटिंगला मोठे दिवे लागतात, आणि ते यांना परवडत नाहीत. सगळी मिळून अकरा माणसं. बंद पडलेली एक लाँड्री कोणीतरी अठरा दिवसांसाठी वापरायला दिलीय.

पोशाखासाठी मी रेनकोटचं कापड घेतलंय, आत गादीचा स्पंज, वरून पायमोज्यांचं ताणणारं कापड. डोळ्यांना हेल्मेटच्या काळ्या काचा. तो घालणार शाळेतले व्यायामाचे मास्तर, सहा फूट चार इंच. माप घेताना मला पाटावर चढावं लागलं. चेन पाठीमागे ठेवलीय, कारण पुढे ठेवली तर पोटावर दिसेल.

बाकी माझं बरं चाललंय. आईचा विषय मी काढत नाही. तू गेल्यावर मागच्या दाराची कडी उघडी राहिली, मी न्हाणीघरात होते आणि आई बाहेर पडली, झालं ते झालं. मी तुला केव्हाच माफ केलंय. तू मनाला लावून घेऊन गाव सोडलंस, तेवढं मात्र करायला नको होतंस.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण हे तुला न सांगता मला राहवत नाही, कारण या आठवड्यात मला झोप लागलेली नाही, आनंदानं!

यांची हिरॉईन पळाली. पळाली म्हणजे तिला एका मालिकेत मोठं काम मिळालं. शूटिंगला सहा दिवस उरलेले. मी लाँड्रीत मास्तरांना पोशाख घालून बघत होते, त्यांचा डावा पाय आत अडकलेला, आणि मी त्यांना ओरडत होते, "अहो, बेडकासारखे उड्या काय मारताय, शांत उभे राहा!" कॅप्टन कोपऱ्यात डोकं धरून बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं शिवणीत काहीतरी चुकलं.

"काकू, तुम्ही करता का?"

"काय?"

"त्या बाईचं काम."

मी म्हटलं, अगं, मी एकसष्ट वर्षांची, गुडघे वाजतात माझे. ती म्हणाली, लाँड्रीत काम करणाऱ्या बाईचे वाजायलाच हवेत. मग जवळ येऊन माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यावर एक गंमत आहे. तुम्ही खरं बोलताय असं वाटतं आणि तरी काहीतरी लपवताय असंही वाटतं. मला नेमकं हेच हवंय."

मला फार आनंद झाला. घरी येऊन आरशात पाहिलं. मला तसलं काही दिसलं नाही.

लहानपणी आपण पलंगाखाली नाटकं करायचो ते आठवतं का? तू नेहमी राजा आणि मी नेहमी घोडा. आता बघ, घोड्याला थेट मुख्य भूमिका मिळालीय.

ताई

१४ मार्च

धाकटे,

शूटिंग संपलं! माझ्या पाठीवर तीन निळे डाग आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट तुला ऐकवायचीय.

पहिला डाग अपहरणाचा. यानात उचलून नेतात कसं, सांगू? मला कपड्यांच्या ढकलगाडीत झोपवलं, गाडी जोरात ढकलली आणि छताला टांगलेल्या पांढऱ्या चादरी वरून झरझर पळताना दाखवल्या. बस्स. पडद्यावर वाटतं, बाई ढगांतून वर चाललीय. प्रत्यक्षात बाई शेवटी भिंतीवर आदळली. कॅप्टन धावत आली, "काकू, लागलं का?" आणि लगेच, "तोंडावरची भीती फार छान होती, आणखी एकदा घेऊ या का?"

दुसरा डाग मास्तरांचा. चेन अडकली. भर उन्हात, आत स्पंज, आणि मास्तरांना बाथरूमला जायचं. चेन वर जाईना, खाली येईना. मास्तर रडकुंडीला आले. "ताई, काहीतरी करा हो!" मी कात्री घेतली आणि परग्रहवासी मानेपासून कमरेपर्यंत फाडला. मास्तर तसेच हिरव्या पायांनी पळाले आणि जाता जाता कोपर माझ्या पाठीत बसलं. परत येईपर्यंत मी सुईत दोरा ओवून तयार. हातशिलाईनं वीस मिनिटांत शिवला त्यांना. कॅप्टन म्हणाली, चित्रपट काढण्याच्या सगळ्या शाळांत शिवण सक्तीची करायला हवी.

तिसरा कसा पडला ते आठवत नाही.

आवाजाचं काम बघणाऱ्याला सगळे कानसेन म्हणतात. पन्नाशीचा, अबोल माणूस, हेडफोन कानांवरच वाढल्यासारखे. त्यानं लाँड्रीतलं मोठं रिकामं धुलाई यंत्र सुरू केलं, आत काहीच न टाकता, आणि त्याचा घूं घूं आवाज टिपून घेतला. मग तो सावकाश करून ऐकवला. धाकटे, माझ्या अंगावर काटा आला! कोणीतरी फार मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय, असं वाटतं. परग्रहवासी येण्याआधी फक्त तो आवाज येतो. बाहेर लख्ख ऊन, चादरी वाळताहेत, आणि तो आवाज. मला वाटतं सिनेमाची निम्मी भीती त्यातच आहे. उरलेली निम्मी कॅमेऱ्याची. मास्तर निदान अर्ध्या तासापर्यंत पुरते दिसतच नाहीत. नुसती चादरीवरची सावली.

एक दिवस मात्र माझी फार फजिती झाली. सिनेमातला डॉक्टर मला विचारतो, "त्या तीन तासांत तुम्ही कुठे होता?" डॉक्टरचं काम करणारा खरोखरीच औषधांच्या दुकानात बसतो. त्याला सारखी घाई. मी म्हणायचं, "मला आठवत नाही. फक्त पांढरा उजेड." एवढी दोन वाक्यं. सोळा वेळा घेतली आणि सोळाही वेळा मी ती शाळेतल्या कवितेसारखी म्हटली. सतराव्या वेळेला भलतंच काहीतरी म्हणून गेले. कॅप्टन "कट" म्हणालीच नाही. कॅमेरा चालूच राहिला. नंतर ती म्हणाली, वाक्य चुकलं हे ओठांवरून दिसलं, पण चेहरा मिळाला. चेहरा ठेवू.

काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. कॅप्टन लांब, खिडकीबाहेर कॅमेऱ्यापाशी होती, औषधवाला पुढचं वाक्य आठवत होता. हेडफोनमध्ये फक्त कानसेननं ऐकलं. त्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला.

ताई

२ जून

धाकटे,

सिनेमाची जुळणी होतेय. कॅप्टनच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत एक संगणक, दोन खुर्च्या आणि भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मी रोज दुकान बंद करून संध्याकाळी जाऊन बसते. काही काम नसतं माझं. नुसती बघते. आपलंच तोंड वीतभर पडद्यावर मागे-पुढे, मागे-पुढे. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवसापासून मी सूचना करू लागले!

काल कानसेन आला होता. कॅप्टन चहा करायला आत गेली तेव्हा त्यानं स्वतः टिपलेला आवाज पहिल्यांदाच जोडून डॉक्टरचा तो प्रसंग लावला आणि बटणावर बोट ठेवून हळूच विचारलं, "हे वाक्य ठेवू की काढू?"

मी म्हटलं, "काढा."

"नक्की?"

"गोष्टीत बसत नाही ते."

त्यानं मान डोलावली आणि माझा आवाज काढून टाकला. त्या जागी यंत्राची घूं घूं घातली. आता दिसतं असं की डॉक्टर विचारतो, बाई तोंड उघडते, तिचे ओठ हलतात, आणि ऐकू मात्र काहीच येत नाही. नुसता तो आवाज वाढत जातो. चहाचे कप घेऊन कॅप्टन बाहेर आली, तिनं पाहिलं आणि कप तसेच हातात धरून उभी राहिली. "हे कोणी केलं?" कानसेन म्हणाला, "झालं आपोआप."

ती नाचायचीच बाकी राहिली होती.

तू कशी आहेस? एवढं तरी कळव. दादाकडून तुझी काही खबर मिळत नाही. तो तुझं नाव काढत नाही, आणि मीही विचारत नाही.

ताई

९ जुलै

धाकटे!

सिनेमा लागला! भयपटांचा एक छोटा महोत्सव भरला होता, तिथे पहिल्यांदा दाखवला. दीडशे खुर्च्या, आणि माणसं उभी! मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. पहिल्यांदा चादरीमागे सावली हलली तेव्हा माझ्यामागचा एक धिप्पाड गृहस्थ "अगं आई गं!" म्हणून ओरडला. मला त्याचा पापा घ्यावासा वाटला.

पण सगळं गोड नाही सांगणार. मास्तर पुरते दिसले तेव्हा लोक हसले. खदाखदा. भीतीचा सिनेमा, आणि सगळं थिएटर हसतंय. मास्तर शेजारीच बसले होते, ते खुर्चीत आत आत सरकत गेले, आणि सहा फूट चार इंच माणूस किती आत सरकणार!

परवा वर्तमानपत्रात परीक्षण आलं. मी कापून ठेवलंय, जवळजवळ पाठ आहे. लिहिणारा म्हणतो, हा दिग्दर्शिकेचा पहिलाच प्रयत्न आहे आणि तो फार कमी साधनांत केलाय हे लपत नाही. पण भर उन्हात घाबरवण्याची कल्पना नवी आहे, आणि रिकाम्या यंत्राच्या आवाजानं जे साधलंय ते लाखोंच्या दिव्यांनी साधलं नसतं. खरं आहे. मग म्हणतो, परग्रहवासी दाखवायलाच नको होता, तो सावलीत होता तोवर भीती होती, उजेडात आला आणि कार्टून झाला. शिवाय एका दृश्यात त्याच्या पाठीवरची चेन स्पष्ट दिसते. तेही खरं, आणि ती माझी चूक, हातशिलाईनंतर मी वर पट्टी लावायला विसरले. डॉक्टर सात मिनिटं विश्वाचं शास्त्र समजावून सांगतो त्याला त्यानं झोडपलंय, त्यात मी त्याच्या बाजूची आहे. मी कॅप्टनला तेव्हाच म्हटलं होतं, याला औषधाची पुडी बांधू दे, भाषण नको. आणि शेवट दोनदा होतो म्हणतो. पहिल्या शेवटालाच थांबायला हवं होतं. इथे मात्र मला त्याचं पटत नाही. बाई परत येते तिथेच थांबलं असतं, तर परत आल्यावर तिचं काय झालं ते कोण सांगणार?

आणि आता खरी गोष्ट. त्यानं लिहिलंय, ‘चित्रपटातला सर्वांत थरारक क्षण म्हणजे न ऐकू येणारं ते वाक्य. ही बाई काय म्हणाली, हे मी दोन दिवस स्वतःला विचारतो आहे.’ माझ्याबद्दल! वर्तमानपत्रात!

दाखवून झाल्यावर लोकांनी आम्हांला प्रश्न विचारले तेव्हाही पहिला प्रश्न तोच. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "काकू, तुम्ही तिथे नक्की काय म्हणता?"

सगळं थिएटर माझ्याकडे बघतंय. कॅप्टनही बघतेय, तिलाही ठाऊक नाही. मी हसले आणि म्हटलं, "मला आठवत नाही." टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, मी सिनेमातलंच उत्तर दिलं.

पुढच्या महिन्यात तुझ्या शहरात लागतोय, एक आठवडा. तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

ताई

१२ जुलै

धाकटे,

परवाचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून मी शिवायला बसले की मशीनवर हात थांबतो.

तू सिनेमा बघितलास तरी तुला काही ऐकू येणार नाही. कोणालाच येणार नाही. मी गप्प राहिले तर कधीच कळणार नाही. म्हणून आता लिहिते.

सतराव्या टेकला औषधवाल्यानं विचारलं, "त्या तीन तासांत तुम्ही कुठे होता?" आणि मी म्हणाले, "सिनेमाला गेले होते. आईला झोपवून, मागच्या दारानं."

त्या गुरुवारी तू नेहमीप्रमाणे आईला आंघोळ घालून बाराला निघालीस. तुझी सायकल मागच्या अंगणात होती. तू बाहेरून हाक मारलीस, "ताई, कडी लाव गं." मी आतून कडी लावली. मला आवाज आठवतो कडीचा. आई जेवली, झोपली. ती झोपली की पाचपर्यंत उठत नसे. मी चौदा महिने त्या घरातून भाजी आणण्यापलीकडे कुठे गेले नव्हते. ती मला "तुम्ही कोण?" विचारायची, दिवसातून वीस वेळा. अडीचला मी कपडे बदलले. मागच्या गल्लीतून थिएटर पाच मिनिटांवर, म्हणून मागचं दार उघडलं. त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच. मी ते नुसतं ओढून घेतलं.

सव्वापाचला परत आले. दार सताड उघडं होतं.

ती कालव्याकाठी सापडली तेव्हा आठ वाजले होते. पाय पाण्यात, कपडे छातीपर्यंत ओले. तापानं एकोणीस दिवसांनी गेली. पहिल्याच संध्याकाळी दादानं विचारलं, "दार उघडं कसं राहिलं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मी न्हाणीघरात होते. धाकटी गेल्यावर कडीचं राहिलं बहुतेक." बहुतेक म्हणाले मी. दुसऱ्या दिवशी बहुतेक गळून पडलं. दवाखान्याच्या जिन्यात दादा तुला नाही नाही ते बोलला आणि मी दोन पायऱ्या वर उभी होते, औषधांची पिशवी धरून. तू माझ्याकडे बघितलंस. "ताई, मी हाक मारली होती ना गं?" मी म्हटलं, "मला ऐकू आली नाही."

आली होती, धाकटे.

आणि वर मी तुला फेब्रुवारीत लिहिलं, की मी तुला माफ केलंय.

ताई

२० जुलै

ताई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. वाचली. पहिली पाच वाचून मला हसू आलं होतं आणि त्याचा मला राग आला होता.

अकरा वर्षं मी स्वतःला विचारतेय की मी हाक मारली होती की मारली असं मला वाटतं. मला तो गुरुवार मिनिटामिनिटानं पाठ आहे आणि तरी खात्री नव्हती. माझा नवरा मला कधी काही बोलला नाही. पण घरातून निघताना कुलूप तोच लावतो. मला लावू देत नाही. माझ्या मुली त्यांची बाळं माझ्याकडे सोडून जाताना दोनदा मागे वळून बघतात.

मला एकटीला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं, निदान निम्मं. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. दादाला, मावशीला, माझ्या घरात. तोंडानं सांग, पत्रानं नाही. मग बघू.

तुझा सिनेमा मी बघणार नाही.

धाकटी

५ ऑगस्ट

धाकटे,

सांगितलं.

आधी दादाकडे गेले. तो टीव्ही बघत होता. मी म्हटलं, "जरा बंद कर." तो म्हणाला, "बोल ना, ऐकतोय." मी पुढे होऊन स्वतःच बंद केला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बसले असते तर वाक्य पुरं झालं नसतं. दादा बंद टीव्हीकडे बघत म्हणाला, "थोरल्या भाचीच्या लग्नाला मी गेलो नाही. तिनं दोनदा फोन केला होता, मामा याच म्हणून." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून आत गेला आणि वहिनीला म्हणाला, "हिला स्टँडवर सोडून ये." मी दारातून बाहेर पडले तेव्हा आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. दादाला रडताना मी आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

मावशीकडे वेगळीच तऱ्हा. शहाऐंशी वर्षांची, कानांनी ठार. मी तिच्याजवळ बसून हळूच सुरुवात केली.

"काय?"

"मी म्हटलं, त्या दिवशी मी सिनेमाला गेले होते."

"कुणाचा जीव गेला होता?"

"सिनेमाला! सिनेमाला गेले होते! दार मी उघडं टाकलं!"

"मोठ्यानं बोल गं, पुटपुटू नकोस!"

शेवटी मी एवढ्यानं ओरडले, की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. त्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, एकेक वाक्य दोनदा. मावशीला कळलं तेव्हा तिनं माझा हात सोडला. "तेव्हा का नाही बोललीस?" म्हटलं, भीती वाटली. "आणि आता?" आताही वाटते, म्हटलं. ती म्हणाली, "मी त्या पोरीला निष्काळजी म्हटलं होतं, चारचौघांत. लाव फोन." मी लावला. तू उचलला नाहीस. मावशी अजून रोज लावायला सांगते म्हणे.

तुझ्या घरी मी रविवारी आले होते, ते तुला ठाऊक आहेच. तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. तुझा नवरा आणि दोन्ही मुली समोर बसल्या होत्या. धाकटी भाची जन्मापासून माझ्या ओळखीची, आणि तिनं मला "बसा" म्हटलं. माझं बोलून झाल्यावर तुझ्या नवऱ्यानं चपला घातल्या आणि खाली निघून गेला. मी निघाले तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. "मला तिला काय म्हणावं तेच कळत नाहीये," म्हणाला. मी म्हटलं, मलाही अकरा वर्षं कळलं नाही. माझ्यासारखा उशीर करू नका.

कॅप्टनलाही सांगितलं. ती मग म्हणाली, "काकू, कुणालाही सांगणार नाही." मी म्हटलं, सांग हवं तर. आता लपवण्यासारखं काही नाही.

तिकीट खिडकीवर मी तुझ्यासाठी काही ठेवलेलं नाही. तू येणार नाही म्हणालीस, ते मी ऐकलंय.

ताई

२७ ऑगस्ट

धाकटे,

काल तू आलीस! मी शेवटच्या दिवशी शेवटचा दुपारचा खेळ बघायला म्हणून थिएटरच्या पायऱ्यांवर उभी होते, आणि तू रस्ता ओलांडून आलीस. केस पांढरे झालेत गं तुझे. तू म्हणालीस, "दोन तिकिटं काढलीयत. गैरसमज नको, नवरा येणार होता." मी आजतागायत एवढी सुंदर थाप ऐकलेली नाही.

थिएटरात सगळी मिळून नऊ माणसं. तुझा तो टोमणा, "ही लाँड्रीतली बाई चादर उलटी घडी घालतेय," मी कॅप्टनला कळवलाय, ती म्हणते खरं आहे. सावलीच्या वेळी तू माझं मनगट धरलंस आणि लगेच सोडलंस. मास्तर उजेडात आले तेव्हा तू एवढी हसलीस, की पुढच्या रांगेतल्यांनी मागे बघितलं, आणि मलाही हसू आवरेना. आमच्या सिनेमाचा हा दोष मला कालपासून दोष वाटत नाही. डॉक्टरच्या प्रसंगाला तू पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. मी मात्र समोरच बघत राहिले, भेकड कुठली.

नंतर बसथांब्यावर तू सांगितलंस, दादा येऊन गेला, जिन्यातच बसून राहिला, तुलाच त्याला उठवून वर आणावं लागलं. आणि परवा सकाळी नवऱ्यानं किल्ली तुझ्या हातात दिली. मी विचारलं, मला माफ करशील का? तू म्हणालीस, "माहीत नाही. विचारू नकोस एवढ्यात." बरं. नाही विचारणार.

मग बस वळणावर दिसली, आणि तू एकदम विचारलंस, "त्या दिवशीचा तो सिनेमा. चांगला होता का?"

बस आली. तू चढलीस.

रात्रभर विचार केला. टुकार होता, अर्ध्यातच कंटाळा आला, असं लिहावंसं वाटलं. म्हणजे आपल्या दोघींनाही जरा सोपं गेलं असतं. पण आता तुला खोटं सांगायचं नाही असं ठरवलंय, आणि हे उत्तर सगळ्यांत जड आहे.

हो, धाकटे. फार चांगला होता. मी इतकी हसले, की शेजारच्या अनोळखी बाईनं मला तिची पाण्याची बाटली दिली. मध्यंतरात घरी जावं असं एकदा मनात आलं, पण पुढे काय होतं ते बघायचं होतं. मी शेवटची पाटी जाईपर्यंत बसून राहिले.

ताई